बाबांच्या नावाने

६ फेब्रुवारी, मंगळवार

त्या सकाळी मी खळ शिजवत होते. म्हणजे कालच, पण फार मागचं आठवावं तसं आठवतंय. मैदा गार पाण्यात कालवला, गुठळ्या बोटांनी मोडल्या, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला आणि पातेलं मंद आचेवर चढवलं. खळ होईतो आदल्या दिवसाची कातरणं झाडून पोत्यात भरली. पुढच्या खोलीची खिडकी उघडली. रात्रभर प्रेसखाली दाबून ठेवलेली पुस्तकं काढून त्यांच्या पाठीवर एकेक थाप मारून पाहिली, तुझे बाबा मारायचे तशी. मग कॉम्प्युटर चालू केला, कारण प्रबंधवाली मुलं आपापलं मुखपृष्ठ सकाळी पाठवतात आणि दुपारी सोनेरी अक्षरांसकट बांधलेलं पुस्तक मागतात. पुन्हा आत येऊन पळी हातात घेतली, तेवढ्यात फोन वाजला आणि तुझा मेसेज आला.

दोन वर्षांनी. मी बराच वेळ नुसतं तुझं नावच बघत राहिले. मग खालचं वाचलं.

"आई, बाबांच्या नावाने मेल पाठवणं बंद कर. तुझा राग मी समजू शकते, पण तू इतकी खाली उतरशील असं वाटलं नव्हतं."

खळ करपली. इतकी वर्षं शिजवतेय, पण अशी बुडाला लागलेली पहिल्यांदाच. घरभर वास आहे अजून.

तुला फोन लावला. एकदा वाजून बंद झाला, मग वाजेचना. म्हणून हे पत्र. जुना पत्ता आहे माझ्याकडे. घर बदललं असशील तर कोण वाचेल कुणास ठाऊक, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पोरी, मी काहीही पाठवलेलं नाही. एकही मेल नाही. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

तुझा मेसेज वाचून मी तशीच बसले होते, तेवढ्यात समोरचे छापखानेवाले आले. दारात उभे राहून चपला काढू की नको करत होते.

"वहिनी, बसू का जरा?"

"बसा की. तोंड का असं झालंय?"

"याचा मेल आला मला काल."

"कोणाचा?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे नुसती मान केली.

मला फोन दाखवला. वर तुझ्या बाबांचं नाव, त्यांचाच पत्ता. मजकूर एका ओळीचा: 'सोबतची फाईल पाहून कळवावे.' आणि त्याच्या खाली त्यांचं जुनं, खरं पत्र. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी छापखान्याला कागदाबद्दल लिहिलेलं. म्हणजे जुनं बोलणं जिथे थांबलं होतं तिथूनच कोणीतरी पुढे चालू केलं होतं.

"अहो, हा मला कधी 'कळवावे' म्हणाला नाही," छापखानेवाले म्हणाले. "'ए टकल्या, प्रूफ बघ' म्हणायचा. तिकडे गेल्यावर सुधारला म्हणायचा."

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "तिकडेही बाइंडिंगचंच काम लागलेलं दिसतंय त्याला," आणि त्यांचे डोळे भरले, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

"फाईल उघडलीत का तुम्ही?" मी आतूनच विचारलं.

"मेलेल्या माणसाने पाठवलेली फाईल उघडायला मी काय येडा आहे?"

तुला आलेला मेलही असाच असणार. सोबतची फाईल पाहून कळवावे. ही त्यांची गिऱ्हाइकांना लिहायची ओळ. ज्याने कोणी हे केलंय त्याने त्यांच्याच जुन्या पत्रांतून ती उचलली आहे. मी असते तर तुला 'कळवावे' लिहिलं नसतं. आणि त्यांच्या नावाने तर काहीच लिहिलं नसतं.

ती फाईल तू उघडली नसशील तर उघडू नकोस.

आई

८ फेब्रुवारी, गुरुवार

कालचा दिवस वाईट गेला. तुला सांगावं की नाही ठरत नव्हतं, पण अर्धवट सांगून पुन्हा तुला संशय यायला नको.

कॉम्प्युटर साफ करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं एवढं वाचून माहीत होतं. मी ते शोधायला गेले. पहिल्याच पानावर बोट पडलं आणि सगळा पडदा लाल झाला. आतून भोंगा वाजायला लागला. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' मी केला. हसू नकोस. तो भोंगा ऐकला असतास तर तूही केला असतास.

एका मुलाने फोन घेतला. आवाज इतका गोड, की लोण्यात बुडवून काढलाय.

"घाबरू नका, आई. मी आहे ना."

मला आई म्हणाला. खरं सांगते, पुढची दोनतीन वाक्यं माझ्या कानावरच पडली नाहीत.

"तुमच्याकडे फार गंभीर प्रकार दिसतोय, आई. मी एक छोटं सॉफ्टवेअर सांगतो, तेवढं घ्या. मग मी इथे बसून सगळं साफ करतो."

"इथे बसून म्हणजे? तुम्हाला माझा कॉम्प्युटर दिसणार?"

"दिसणार ना. माऊससुद्धा मीच फिरवणार. तुम्ही निवांत चहा घ्या."

"आणि हे फुकट?"

"एकदम फुकट. फक्त बँकेचं पासबुक जवळ घेऊन बसा."

"साफसफाईला पासबुक कशाला लागतं?"

"नियम आहे, आई. वेळ नका घालवू. एकेक करून सगळं पुसलं जाईल. फोटो, पत्रं, सगळं."

हे त्याने बरोबर दुखऱ्या जागी दाबलं. त्यांनी काढलेले तुझे फोटो, त्यांनी जुळवलेली मुखपृष्ठं, तुला लिहिलेली पत्रं, सगळं त्या एका पेटीत आहे. मी तो सांगेल ते टाइप करायला बसलेही. अर्धं टाइप झालं असेल, तेव्हा तो म्हणाला, "घरात आणखी कोणी आहे का, आई?"

ज्याला कॉम्प्युटर साफ करायचाय त्याला हे कशाला हवं?

"आहेत ना," मी म्हटलं. "आतल्या खोलीत पडलेत. विचारून येते त्यांना."

"त्यांना उठवू नका!" एकदम आवाजच बदलला. लोणी गेलं, खालचं भांडं दिसलं.

मी उठून भिंतीतला प्लग खेचला. पडदा काळा झाला. फोन मात्र दिवसभर वाजत राहिला. शेवटी मी तो पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली ठेवला, तरी ढीग थरथरायचा.

आज सकाळी वाचनालयात गेले. तिथे कॉम्प्युटर विभाग सांभाळणारी एक बाई आहे. तिच्या फाटक्या पुस्तकांना मी पाठी लावून देते, म्हणून ओळख. तोंडाने फटकळ आहे. पुस्तकाला पान कमी निघालं तरी माझ्यावरच ओरडते आणि कुठलं जास्तीचं निघालं तरी माझ्यावरच.

"तो माणूस गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "त्याचा नंबर बंद करून टाका. पण मेल त्याच्यामुळे जात नाहीयेत, ते त्याच्या आधीपासून जातायत. त्याआधी काय उघडलं होतं, काकू?"

मी आठवलं. मागच्या आठवड्यात 'प्रबंध मुखपृष्ठ अंतिम, तातडीचे' अशी एक फाईल आली होती.

"उघडलीत?"

"तीनदा. उघडतच नव्हती."

"उघडत नव्हती म्हणजेच उघडली होती. अनोळखी माणसाची फाईल उघडायचीच कशाला?"

"बाई गं, माझी सगळीच मुलं अनोळखी असतात. फाईल उघडली नाही तर पुठ्ठ्यावर सोन्याने काय उठवू, तुझं नाव?"

त्यावर ती पहिल्यांदा हसली. मग तिने खरा प्रकार सांगितला. अशी फाईल घरात घुसली की जुने मेल चोरते, पासवर्ड चोरते आणि आपण कीबोर्डवर जे जे टाइप करू ते गुपचूप टिपून बाहेर पाठवते. म्हणजे गेला आठवडाभर मी जे काही लिहिलं ते माझ्याआड कोणीतरी वाचत होतं. तुझ्या बाबांच्या खात्याचा पासवर्डही त्याच्याकडे आहे. त्या खात्यातूनच मेल जातायत.

ते खातं मी बंद केलं नव्हतं. कामाच्या ऑर्डरी त्याच पत्त्यावर येतात. आणि ते नसतानाही त्यांना पत्रं येतात हे मला बरं वाटायचं.

म्हणून हे हाताने लिहितेय. तूही तुझा कॉम्प्युटर तपास. ती फाईल उघडली असशील किंवा नसशील, तरी तपास. सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलंय त्यांच्याच पानावरून घे, मध्येच लाल होऊन ओरडणाऱ्या पानावरून नको. माझ्यावर रागावून राहा, पण एवढं कर.

आई

१३ फेब्रुवारी, मंगळवार

तुझा मेसेज मिळाला. 'तपासला. इथे काही सापडलं नाही.' म्हणजे पत्र पोचलं, आणि तू ते वाचलंस. फाईल उघडली होतीस की नाही ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

इकडचं सांगते.

वाचनालयातली बाई म्हणाली होती, "सगळं पुसून नव्याने टाकते. तासाभरात मोकळ्या व्हाल." मी नको म्हटलं. तुला आपली रीत माहीत आहे. पुस्तक कितीही किडलेलं येवो, ज्याचं आहे त्याने बघितल्याशिवाय एकही पान टाकायचं नाही. किडलेली पुस्तकं पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून वेगळी ठेवायची, म्हणजे इतरांना लागण होत नाही आणि पानही जात नाही. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्हाला शिकवायला नको. यातही तेच असतं. क्वारंटाइन म्हणतात. सापडलेली फाईल बंद पेटीत जाते. तिथे ती हलत नाही, चावत नाही. मागाहून बघायची, नको असली तर फेकायची."

तिने तिकडच्या चांगल्या कॉम्प्युटरवरून फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून दिलं. "नेटची वायर आधी उपसा. झटपट तपासणी करू नका, पूर्ण करा. आणि मध्येच घाबरून बंद करू नका," एवढं बजावलं.

वायर उपसली. तपासणी सुरू केली. पडद्याशेजारी बसून मी फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापील मोठे ताव, घडी घालायला घेतले, हाताला काहीतरी हवं म्हणून. पण लक्ष कुठलं लागतंय. पडद्यावर फायलींची नावं भराभर पळत होती आणि मी त्यातलं जमेल तेवढं वाचत होते. तुला माहीतच आहे, समोर अक्षर आलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. शाळा लवकर सुटली, त्यानंतर जे काही शिकले ते बांधायला आलेल्या पुस्तकांतून. गिऱ्हाइकाने मुखपृष्ठ बघायच्या आधी माझं आतलं अर्धं वाचून झालेलं असायचं, तेही मधूनच, कारण जो फर्मा वर असेल तिथून सुरुवात. तुझे बाबा म्हणायचे, "बांधायला दिलंय लोकांनी, वाचायला नाही." आणि मग स्वतःच विचारायचे, "बरं, पुढे काय झालं त्या बाईचं?"

तर त्या नावांत सगळं आमचं आयुष्य पळत होतं. लेटरहेड. दिव्याचं बिल. मुखपृष्ठ, मुखपृष्ठ, मुखपृष्ठ. तुझा दहावीचा निकाल. आणि 'कातरण' नावाचा तुझ्या फोटोंचा अख्खा गठ्ठा. त्या नावाने ते तुला हाक मारायचे, मी मारणार नाही. ते नाव पळून जाईतो मी घडी अर्धवट धरून बसले होते. न थांबता गेलं.

मग एक लाल आकडा लागला. मी उभी राहिले. हातातला फर्मा खाली पडला. बघते तर काय, तुझे बाबाच पकडले गेलेले! सोनेरी अक्षरांसाठी त्यांनी कुठूनतरी एक चोरीचा फॉन्ट आणून टाकला होता, आठवतं? 'मित्राने दिला' म्हणायचे. सॉफ्टवेअरने त्या मित्राला संशयित ठरवलं. मी एकटीच मोठ्याने हसले, आणि हसता हसता वर फोटोकडे बघितलं.

पण दुसरा लाल आकडा लागला तेव्हा हसू आलं नाही. तीच ती फाईल, 'प्रबंध मुखपृष्ठ अंतिम'. आणि तिची पिल्लं. त्यातलं एक कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप जागं होणाऱ्या जागेत जाऊन बसलेलं. म्हणजे रोज सकाळी मी खळ चढवून बटण दाबायचे आणि तो माझ्याबरोबर कामाला बसायचा.

खाली दोन बटणं होती. 'काढून टाका' आणि 'वेगळे ठेवा'. मी सगळ्यांना पेटीत घातलं. तुझ्या बाबांच्या फॉन्टलासुद्धा. मग बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा पूर्ण तपासणी. मग बाईने दिलेल्या दुसऱ्या, निराळ्या सॉफ्टवेअरने आणखी एकदा. दोन्ही वेळा काही निघालं नाही.

घर स्वच्छ आहे. आता फक्त त्यांच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा राहिलाय. तो घरून करायचा नाही, वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून करायचा असं बाईने ठरवलंय. उद्या जाईन. जोवर तो बदलत नाही तोवर त्या माणसाला आत यायला दार उघडंच आहे.

तुला आलेल्या मेलबद्दल एक विचारायचं होतं. नको, राहू दे.

आई

१४ फेब्रुवारी, बुधवार

हे पत्र मी तीनदा फाडलं.

आज वाचनालयात त्यांचं खातं उघडलं. बाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, आधी बघूया त्या चोराने कोणाकोणाला काय पाठवलंय. 'पाठवलेले' उघडलं. ओळीने तेच: सोबतची फाईल पाहून कळवावे. गिऱ्हाइकं, कागदवाला, छापखाना, वाचनालयसुद्धा. आणि तू.

तुला दोनदा पाठवलं होतं. पहिल्यांदा, आणि मग पुन्हा. मी बाईला विचारलं, हिलाच दोनदा का? ती म्हणाली, "कारण तिने उत्तर दिलंय. कोणी उत्तर दिलं की ते आपोआप पुन्हा फाईल पाठवतं. मशीनचं काम आहे, काकू, त्याला कळत नाही कोण काय लिहितंय."

मग मी 'आलेले' उघडलं. तिथे चार तारखेच्या रात्री आलेलं तुझं नाव जाड अक्षरात होतं; तुझा मेसेज आल्यापासून मी ते खातं उघडलंच नव्हतं. जाड म्हणजे न वाचलेलं. त्याच्या पुढे पहिली अर्धी ओळ दिसत होती, ती डोळ्यांत शिरली, त्याला माझा इलाज नव्हता: 'बाबा, तुम्ही नाही आहात हे मला माहीत आहे तरी…'

त्यापुढे तीन टिंबं.

मी पडद्यासमोरून उठून पुस्तकांच्या कपाटांकडे जाऊन उभी राहिले.

पोरी, आता मला कळलं. तू त्यांना पत्र लिहिलंस. ते नाहीत हे माहीत असून लिहिलंस. आणि त्याला उत्तर आलं, 'सोबतची फाईल पाहून कळवावे.' तू समजलीस की आईने ते वाचलं आणि वर असं लिहिलं.

मी ते वाचलेलं नाही.

पण आणखी एक आहे. बाईने सेटिंग उघडून बघितलं, तेव्हा त्या खात्यात येणारं प्रत्येक पत्र गुपचूप एका परक्या पत्त्यावर पुढे जात होतं. चोराने तशी सोय करून ठेवली होती. म्हणजे तू बाबांना लिहिलेलं त्याच्याकडे गेलं. बाई म्हणते, ते लोक असलं वाचत बसत नाहीत, त्यांना बँकेचं काही सापडलं तरच बघतात. असेल. तुला सांगायचं नाही असं सकाळपासून घोकत होते. म्हणून तीन पत्रं फाडली. पण हे तुला दुसऱ्या कोणाकडून कधी कळलं तर तू मला पुन्हा कधीच विचारणार नाहीस.

ती सोय आम्ही तिथल्या तिथे बंद केली. पासवर्डला हात लावला नाही. बाई चिडली. मी म्हटलं, मला एक दिवस दे.

आई

१८ फेब्रुवारी, रविवार

तो एक दिवस मी कसा काढला ते लिहिते, मग झालं.

वाचनालयातून निघताना बाई जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "एवढा काय विचार करता? वाचा आणि सोडा. तुमचीच मुलगी आहे. कदाचित तुमच्याबद्दल चांगलंही असेल त्यात."

"आणि वाईट असेल तर?"

"तर कळेल तरी काय खुपतंय ते."

"मला माहीत आहे काय खुपतंय ते."

"मग पुसून टाका. निदान त्या चोराला पुन्हा सापडायला नको."

"ते माझं नाही. मी कसं पुसू?"

"काकू, तुम्ही जगाची पुस्तकं विचारल्याशिवाय वाचता. वाचनालयाची पुस्तकं पाठ लावायला नेता आणि वाचून महिन्याने आणता, मला काय माहीत नाही होय? हे एक पत्र वाचवत नाही?"

मी जिना उतरले. घरी आले.

कॉम्प्युटर स्वच्छ होता. नेटची वायर टेबलावर पडली होती. जुना पासवर्ड अजून चालत होता, मला तो पाठ आहे. वायर लावायची, चार अक्षरं दाबायची, आणि तू त्यांच्याशी काय बोललीस ते मला कळलं असतं. दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. त्या पत्रात तुझी बोलण्याची ढब असेल. तू आता कुठे काम करतेस, कशी राहतेस, आजारी पडलीस का, हे कदाचित असेल. ते मी तुझ्याकडून मागू शकत नाही, आणि इथे ते आयतं पडलं होतं.

मी वायर हातातही घेतली होती.

मग मला दवाखान्याच्या बाहेरचा तो दिवस आठवला. तू म्हणालीस, त्यांना माझ्याकडे मोठ्या इस्पितळात घेऊन जाऊ दे. ते म्हणाले, मला घरी जायचंय. मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. ते गेल्यावर तू म्हणालीस, "तू त्यांना मरू दिलंस." मी त्यावर आजही तेच म्हणेन, त्यांना घरी यायचं होतं आणि त्यांचं त्यांना ठरवू दिलं. तुला ते पटणार नाही, पटवायचं म्हणून लिहीत नाही. पण तुझा आणि त्यांचा निरोप राहिला हे खरं आहे. तू तिकडे निघून गेलीस आणि परत पोचलीस तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. तुला त्यांच्याशी एकटीने बोलायचं होतं आणि खोलीत मी होते, डॉक्टर होते, छापखानेवाले होते.

ते बोलणं तू आता केलंस. एका चोराने दार उघडं टाकलं म्हणून का होईना, केलंस. त्यात मी पुन्हा खोलीत येऊन उभी राहणार नाही.

मी वायर खाली ठेवली.

संध्याकाळी छापखानेवाले आले. त्यांना सांगितलं, आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एक चिठ्ठी छापून द्या: बाइंडरच्या जुन्या पत्त्यावरून आलेली कोणतीही फाईल उघडू नये, यापुढे काम नव्या पत्त्यावर पाठवावे. ते म्हणाले, "नवा पत्ता कोणाच्या नावाने?" मी म्हटलं, माझ्या. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं झालं वहिनी. मेल्या माणसाकडून किती काम करून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी खळ शिजवली, करपू दिली नाही. मग वाचनालयात जाऊन त्यांच्या खात्याचा पासवर्ड बदलला. कॉम्प्युटरनेच सुचवलेला, अक्षरं आणि आकडे नुसते विस्कटलेले, मला पाठ होणार नाही असा. ते खातं इतर जिथे जिथे उघडं होतं तिथून बाईने ते बंद केलं. तुझं पत्र अजून जाड अक्षरातच आहे. पासवर्ड एका कागदावर उतरवला, त्याची नक्कल ठेवली नाही. बाई म्हणाली, पासवर्ड असा कागदावर लिहून पोस्टात टाकत नसतात. मी म्हटलं, आमच्या घरात कागदाचाच धंदा आहे. कागद पाकिटात घातला आणि घरी येऊन पाकिटाची कड पुस्तक शिवायच्या दोऱ्याने शिवली. लहानपणी तू नुसता दोरा बघून सांगायचीस, हे पुस्तक आईने शिवलंय की बाबांनी. त्यांची गाठ मलाही येते. पण शेवटी मी माझी गाठ घातली. पाकीट तुझ्या पत्त्यावर रजिस्टर केलं आणि हे पत्र वेगळं टाकायचं म्हणून मागे ठेवलं. ते खातं आता तूच उघड; तुझं पत्र ठेवायचं की पुसायचं ते तू ठरव.

आई